साठ युनिटांचा हिशेब

समजा, कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात एक मुलगी दोन वर्षं मन लावून शिकली. सिनेमाचा इतिहास, जगातले धर्म, सर्जनशील लेखन, लॅटिन अमेरिकेची कला, नीतिशास्त्राची ओळख, असे एकाहून एक चांगले वर्ग तिनं घेतले. गुण उत्तम मिळाले. साठ युनिटं पूर्ण झाली आणि असोसिएट पदवी हातात आली. विद्यापीठानं तिची सगळीच्या सगळी युनिटं मान्य केली. मग इतिहास विभागाच्या सल्लागारानं पदवीचा तक्ता तिच्यापुढे ठेवला, तेव्हा कळलं की अजून दोन वर्षांत हे आटोपणार नाही, तीन लागतील. तिचं एकही युनिट कुणी नाकारलं नव्हतं. ती सगळी सामान्य शिक्षणाच्या आणि ‘ऐच्छिक’ या रकान्यांत जाऊन बसली होती आणि इतिहासाच्या रकान्यातल्या जागा रिकाम्याच होत्या.

उदाहरण मी रचलेलं आहे, पण कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या मानव्यविद्येच्या विद्यार्थ्याची मुख्य अडचण त्यात नेमकी आहे. मराठी घरांत या वाटेची चर्चा बहुतेक पैशाच्या अंगानं होते: दोन वर्षं स्वस्तात काढायची, मग दोन वर्षं नामांकित विद्यापीठात, आणि पदवीवर नाव त्या विद्यापीठाचं. हा हिशेब खोटा नाही. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात युनिटमागे ४६ डॉलर पडतात आणि हा दर २०१२ पासून तोच आहे. वर्षाची तीस युनिटं म्हणजे १,३८० डॉलर. उत्पन्न कमी असेल तर तेही माफ होतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे तिथल्या बोलण्यातल्या ‘यूसी’त, वर्षाचं शुल्क त्याच्या दसपटीच्या घरात जातं. म्हणूनच वाढलेलं एक वर्ष जड पडतं. ते वर्ष कम्युनिटी कॉलेजच्या दरानं वाढत नाही, विद्यापीठाच्या दरानं वाढतं, आणि दोन वर्षांत वाचवलेलं त्यात झपाट्यानं वाहून जातं.

युनिट मान्य होणं वेगळं आणि ते पदवीच्या कामी येणं वेगळं. हा फरक मानव्यविद्येत जितका महाग पडतो तितका दुसऱ्या शाखांत पडत नाही. इंजिनीअरिंगकडे जाणाऱ्याला पहिल्या दिवशीच सांगितलं जातं: कॅल्क्युलसच्या अमुक पायऱ्या, भौतिकशास्त्राचे अमुक वर्ग, आणि ते याच क्रमानं. मानव्यविद्येकडे वळणाऱ्याला सांगतात, आवडेल ते घे, पुढे बघू. सल्ला देणाऱ्याच्या मनात खोट नसते. मोकळेपणा हा या विद्येचा गुणच आहे. पण त्याच मोकळेपणातून युनिटं गळतात, आणि या प्रश्नावरच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या वादात ही गोष्ट बराच काळ कुणी ठळकपणे मांडली नाही.

वादाची सुरुवात एका शब्दापासून करावी लागते. ‘ज्युनिअर कॉलेज’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अकरावी-बारावी येते, कारण दहा अधिक दोन अधिक तीनचा आराखडा महाराष्ट्रात १९७५च्या सुमारास आला आणि मधली दोन वर्षं त्या नावानं ओळखली जाऊ लागली. अमेरिकेतलं ज्युनिअर कॉलेज म्हणजे बारावीनंतरची पहिली दोन वर्षं. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांना वाटे, की पदवीची सुरुवातीची दोन वर्षं सर्वसाधारण शिक्षणाची असतात आणि खरं विद्यापीठ त्यानंतर सुरू होतं. त्यांनी आपल्याच विद्यापीठात ज्युनिअर आणि सीनिअर असे दोन भाग पाडले. इलिनॉय राज्यातल्या जॉलिएटचे शाळाप्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्याबरोबर त्यांनी ही कल्पना विद्यापीठाबाहेर नेली आणि १९०१ मध्ये जॉलिएटच्या हायस्कूलला जोडून, सहा विद्यार्थ्यांवर, पहिलं सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज सुरू झालं. म्हणजे विद्यापीठाकडे पाठवणं हे या संस्थांचं जन्मापासूनचं काम आहे, मागाहून चिकटवलेलं नाही. आणि शिक्षण जिथे दोन तुकड्यांत कापलं गेलं, ती शिवण आजही तिथेच उसवते.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये झालेला कायदा आणि राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाचा १९४७चा अहवाल यांनी या कॉलेजांना गावोगाव पोचवलं. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव त्या अहवालानंतर रूढ झालं. मग आलं १९६०. त्या वर्षी यूसीचे तेव्हाचे अध्यक्ष क्लार्क केर यांच्या पुढाकारानं कॅलिफोर्नियाचा ‘मास्टर प्लॅन’ झाला: शाळेतल्या वरच्या साडेबारा टक्क्यांना यूसी, वरच्या एक तृतीयांशाला स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सीएसयू, आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं. खालून आलेल्याला वर जाता यावं म्हणून ट्रान्स्फरची वाट राखलेली. ही वाट नसती तर तो आराखडा म्हणजे अठराव्या वर्षी केलेली कायमची वर्गवारी ठरला असता.

त्याच वर्षी बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञानं सॅन होजेच्या ज्युनिअर कॉलेजचा अभ्यास करून एक निबंध लिहिला. त्यातला ‘कूलिंग आउट’ हा शब्द शिक्षणशास्त्रात रुजला. त्याचं म्हणणं असं, की उघड्या दाराचं कॉलेज कुणालाच नाही म्हणत नाही. चाचण्या, समुपदेशन, पर्यायी अभ्यासक्रम यांच्या साहाय्यानं विद्यार्थ्याची विद्यापीठाची आस हळूहळू निवत नेते. नकार कुठेच दिसत नाही, पण स्वप्न थंड पडतं. स्टीव्हन ब्रिंट आणि जेरोम काराबेल यांनी १९८९च्या त्यांच्या पुस्तकात हा धागा पुढे नेला आणि दाखवलं, की कॉलेजांनी स्वतःहूनच व्यवसायशिक्षणाकडे मोहरा वळवला. विरुद्ध बाजूचे म्हणतात, हे कॉलेज नसतं तर यातले कितीतरी विद्यार्थी कुठेच शिकले नसते. टॉम हँक्सनं हेवर्डच्या शॅबो कॉलेजात नाटकाचे वर्ग घेतले, मग तो सॅक्रामेंटोच्या स्टेट युनिव्हर्सिटीत गेला, आणि आपलं सगळं ऋण त्या कॉलेजचं आहे असं त्यानं २०१५ मध्ये जाहीरपणे लिहिलं. पुलित्झर मिळालेला कादंबरीकार ऑस्कर इहुएलोस न्यूयॉर्कच्या कम्युनिटी कॉलेजांतून सिटी कॉलेजात पोचला होता. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या आहेत. मला वाटतं, आजचा विद्यार्थी समुपदेशकाच्या सल्ल्यानं निवत नाही. तिसऱ्या वर्षी समोर येणाऱ्या त्या तक्त्यानं निवतो.

आकडे तेच सांगतात. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात पाऊल टाकणाऱ्या दहांपैकी जवळपास आठ जणांना पुढे चार वर्षांची पदवी हवी असते. प्रत्यक्षात विद्यापीठात पोचतात सुमारे एक तृतीयांश, आणि सहा वर्षांत पदवी घेतात सहांतला जेमतेम एक. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकानं सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात, ट्रान्स्फरचा हेतू असलेल्या पाच विद्यार्थ्यांपैकी साधारण एकच चार वर्षांत पोचल्याचं म्हटलं आहे. आणि संस्था बदलताना किती क्रेडिटं जातात याचा केंद्र सरकारच्या लेखासंस्थेनं २०१७ मध्ये काढलेला अंदाज सरासरी ४३ टक्क्यांचा आहे. त्यात सर्व प्रकारच्या संस्थाबदलांचा समावेश आहे आणि खाजगी, नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांतून निघालेल्यांमुळे सरासरी बरीच बिघडते; सरकारी कम्युनिटी कॉलेजातून सरकारी विद्यापीठात जाणाऱ्यांची अवस्था इतकी वाईट नाही. मात्र हा हिशेब युनिटं नाकारण्याचा आहे. मान्य होऊनही निरुपयोगी ठरलेली युनिटं त्यात धरलेलीच नाहीत.

इथे एक विसंगती लक्षात घ्यावी. विद्यापीठांत इंग्रजी आणि इतिहास घेणाऱ्यांची संख्या २०१० नंतरच्या दशकात घसरत गेली. त्यावर चिंतेचे लेख निघाले, विभाग बंद पडले. त्याच काळात देशभरातल्या असोसिएट पदव्यांपैकी दहांतल्या जवळपास चार ‘लिबरल आर्ट्स, जनरल स्टडीज, ह्युमॅनिटीज’ या गटात मोडत होत्या. मग मानव्यविद्येचा खरा बालेकिल्ला कम्युनिटी कॉलेज आहे असं म्हणावं का? पूर्णपणे नाही. या पदव्यांतल्या पुष्कळांचा अर्थ ‘काय शिकायचं ते अजून ठरलेलं नाही’ एवढाच असतो. लिबरल आर्ट्सची असोसिएट पदवी हे बहुधा थोडं याचं, थोडं त्याचं असं ताट असतं. पोट भरतं, पण इतिहास किंवा तत्त्वज्ञानाच्या तिसऱ्या वर्षात बसायला लागणारा पाया त्यात असेलच असं नाही. कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधन केंद्रातल्या थॉमस बेली, शॅना जॅगर्स आणि डेव्हिस जेन्किन्स यांनी २०१५च्या पुस्तकात या पद्धतीला कॅफेटेरियाची उपमा दिली आणि त्याऐवजी आखलेल्या वाटा सुचवल्या. त्यांच्यावर टीका झाली, की आखीव वाटा कुतूहल मारतात. ही टीका मला मनापासून समजते. एकोणिसाव्या वर्षी चुकून घेतलेल्या एका वर्गानं आयुष्याची दिशा बदललेली माणसं आपण सगळेच ओळखतो. पण घरच्या पैशावर भटकणं आणि नोकरी सांभाळून, कर्ज काढून भटकणं यात फरक आहे. कुतूहलाला जागा हवी असेल तर ती आधी मोजून राखून ठेवावी लागते.

मोजायचं कसं, हे कॅलिफोर्नियाच्या उदाहरणावरून चांगलं दिसतं. ११६ कॉलेजं, वीस लाखांच्या आसपास विद्यार्थी. देशातली ही सगळ्यात मोठी व्यवस्था, आणि नियमांचं जाळंही तितकंच दाट. त्यातला पहिला थर सामान्य शिक्षणाचा. १९९१ पासून ‘आयजीईटीसी’ नावाचा सामाईक आराखडा होता आणि सीएसयूचा स्वतःचा वेगळा. २०२१च्या कायद्यानुसार दोन्ही मोडून २०२५च्या शरदापासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ‘कॅल-गेटसी’ हा एकच आराखडा आला: अकरा वर्ग, ३४ युनिटं. लेखनाचे दोन वर्ग, भाषणकौशल्य, गणित किंवा संख्याशास्त्र, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, एथ्निक स्टडीज, आणि कला व मानव्यविद्या. एकच आराखडा झाला हे चांगलं झालं. पण मानव्यविद्येच्या माणसाला त्यात एक काटा बोचतो: पूर्वी कला आणि मानव्यविद्या मिळून किमान तीन वर्ग लागत, आता दोनच लागतात. तिसऱ्या वर्गाच्या निमित्तानं कलेतिहासात किंवा तत्त्वज्ञानात शिरणारा नर्सिंगचा, अकाउंटिंगचा विद्यार्थी आता तिथे येणार नाही, आणि छोट्या कॉलेजांतले हे वर्ग अशाच विद्यार्थ्यांवर चालत आले आहेत.

आता बेरीज करा. साठांतून ३४ गेली, उरली २६. इतिहासाच्या ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर’ला, जिला सगळे एडीटी म्हणतात, मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, १८ युनिटं लागतात: अमेरिकेच्या इतिहासाची दोन सत्रं, जगाच्या किंवा पाश्चात्त्य संस्कृतीच्या इतिहासाची दोन, आणि आणखी दोन वर्ग. इंग्रजीचंही प्रमाण तेवढंच: चिकित्सक लेखन, साहित्याची ओळख, मग ब्रिटिश, अमेरिकी किंवा जागतिक साहित्याचे आढावावर्ग. उरली आठ. त्यात परकी भाषा बसवायची असेल तर एका सत्राच्या वर्गालाच चार-पाच युनिटं जातात आणि पुष्कळ विभागांना भाषेची दोन, तीन, काही ठिकाणी चार सत्रं हवी असतात. साठाचा आकडा इथे फुटतो. उपाय एकच, एका दगडात दोन पक्षी: जागतिक इतिहासाचा वर्ग मेजरमध्येही चालतो आणि सामान्य शिक्षणाच्या रकान्यातही, साहित्याचा आढावावर्ग तसाच. पहिल्या परिच्छेदातल्या मुलीनं जगातल्या धर्मांचा वर्ग घेऊन मानव्यविद्येचा रकाना भरला. तोच रकाना जागतिक इतिहासानं भरला असता तर मेजरची तीन युनिटंही त्याच खर्चात झाली असती आणि धर्मांचा वर्ग मोकळ्या जागेत, मनाजोगता, घेता आला असता. तिच्या आवडीत काही चूक नव्हती, फक्त क्रम उलटा पडला. आणि जास्तीचं घेऊन भरून काढू म्हटलं तर यूसी खालच्या वर्षांच्या सत्तरच युनिटांचं श्रेय धरते.

कोणता वर्ग कुठे चालतो हे पाहण्यासाठी राज्याचं ‘असिस्ट’ नावाचं कोष्टक आहे. डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे तुमच्या कॉलेजातला त्याचा जोडीदार. मानव्यविद्येच्या पानांवर उजवीकडची जागा पुष्कळदा रिकामी असते आणि त्या ओळी नवख्याला घाबरवतात. जोडीदार नसलेला विषय बहुधा विद्यापीठात गेल्यावर घेता येतो; किंवा शेजारच्या कॉलेजात तो असतो आणि तिथे एका सत्रापुरतं नाव घालता येतं. दुसरा खड्डा मालिकांचा. ब्रिटिश साहित्याचा आढावा एका ठिकाणी दोन सत्रांत शिकवतात, दुसरीकडे तीन क्वार्टरमध्ये; मालिका अर्धी सोडली तर अर्धी चालत नाही. कुपर्टिनोचं दे आन्झा कॉलेज, जिथल्या आसपासच्या वस्तीत मराठी घरं भरपूर आहेत, क्वार्टरवर चालतं. तिथे साठाऐवजी नव्वद युनिटं मोजतात. बर्कली आणि मर्सेड सोडल्यास यूसीचे पदवीचे कॅम्पस क्वार्टरवर आहेत आणि सीएसयू जवळपास सगळं सेमिस्टरवर. २०२१च्या आणखी एका कायद्यानं कॉलेजांना समान विषयक्रमांक देणं बंधनकारक केलं, आणि पहिल्या टप्प्यात इंग्रजी लेखन, भाषणकौशल्य, संख्याशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र हे प्राथमिक वर्ग त्यात आले. फ्लोरिडात ही सोय कितीतरी आधीपासून आहे.

हमी दोन प्रकारच्या आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. २०१०च्या कायद्यानं आलेली एडीटी सीएसयूत जागा देते आणि उरलेलं साठ युनिटांत संपेल असं वचनही देते. अमुकच कॅम्पस मिळेल असं मात्र ती म्हणत नाही. यूसीची ‘टॅग’ ही हमी सहा कॅम्पस देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. एका वेळी एकाच ठिकाणी अर्ज. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. यूसीएलएनं एडीटीवाल्यांना प्राधान्य द्यावं असा प्रयोग २०२३च्या कायद्यानं सुरू केला आहे. सीएसयू आणि यूसी अशा दोन्ही विद्यापीठांना अर्ज करणाऱ्यानं एडीटीचे विषय आणि यूसीच्या विभागाची मागणी शेजारी मांडून पाहिली पाहिजे. त्या पुष्कळ जुळतात, पूर्ण जुळत नाहीत.

आणि वेळ. टॅगचा अर्ज सप्टेंबरात, यूसीचा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, प्रवेश पुढल्या शरदात. म्हणजे दोन वर्षांत पार पडायचं तर अर्ज भरताना हातात एकाच वर्षाचे गुण असतात. पहिल्या सत्रात काय घेतलं यावर बरंच ठरतं, आणि नेमक्या त्याच सत्रात विद्यार्थ्याला सगळ्यात कमी माहिती असते. काउन्सेलरची भेट मिळायलाही कित्येक ठिकाणी आठवडे जातात. सगळं जुळवण्याचा बोजा अठरा-एकोणीस वर्षांच्या, बऱ्याचदा घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलामुलींवर टाकणं अन्याय्य आहे असं मला वाटतं. कोष्टक ज्या संस्थांनी गुंतागुंतीचं केलं, ते सोपं करण्याची जबाबदारीही त्यांची. कॅल-गेटसी आणणाऱ्या २०२१च्याच कायद्यानं ट्रान्स्फरचा हेतू सांगणाऱ्या विद्यार्थ्याला, त्याच्या विषयात एडीटी असेल तर, आपोआप त्या वाटेवर घालायला कॉलेजांना सांगितलं आहे. नको असेल तर त्यानं बाहेर पडावं. माझ्या मते दिशा योग्य आहे.

एक अडथळा मात्र खरोखरच दूर झाला. अनेक वर्षं कॉलेजात येणाऱ्यांची चाचणी घेऊन निम्म्याहून अधिकांना पूर्वतयारीच्या वर्गांत घालत. त्या वर्गांची युनिटं पदवीत धरत नसत आणि पायऱ्या तीन-तीन, चार-चार असत. इतिहासाची ओढ असलेला मुलगा बीजगणिताच्या दुसऱ्या पायरीवर अडकायचा आणि जगाच्या इतिहासाच्या वर्गापर्यंत पोचायच्या आधीच कॉलेज सोडायचा. मानव्यविद्येनं असे किती विद्यार्थी गमावले याची मोजदाद कुणी ठेवली नाही. २०१७चा कायदा २०१९ पासून लागू झाला आणि शाळेतल्या गुणांवरून थेट विद्यापीठमान्य वर्गात बसवणं हा नियम झाला. गणितात बीजगणिताऐवजी संख्याशास्त्र घेता येऊ लागलं. काही प्राध्यापकांची तक्रार आहे, की कच्ची मुलं वर्गात नापास होतात. होतात, पण पूर्वी बीजगणिताच्या पायऱ्या चढून जितकी पार होत, त्यापेक्षा जास्त आता पार होतात.

इतर राज्यांविषयी थोडक्यात. फ्लोरिडानं १९७१ मध्येच राज्यव्यापी करार केला आणि असोसिएट इन आर्ट्स झालेल्याला सरकारी विद्यापीठाचं तिसरं वर्ष खुलं केलं. टेक्ससमध्ये ४२ क्रेडिट-तासांचा सामाईक गाभा आहे; तो पूर्ण केला की कुठल्याही सरकारी विद्यापीठात पूर्णच धरला जातो. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीनं २०१३ मध्ये ‘पाथवेज’ आणलं, तेव्हा प्राध्यापकांच्या संघटनेनं न्यायालय गाठलं. त्यांचा आक्षेप होता, की अभ्यासक्रम ठरवण्याचा हक्क शिक्षकांचा आहे, व्यवस्थापनाचा नाही. आक्षेप फेटाळला गेला तरी तो क्षुल्लक नव्हता: मानव्यविद्येत कुठला वर्ग कुठल्या वर्गाच्या बरोबरीचा, हे वाचायच्या पुस्तकांवर आणि लिहायच्या निबंधांवर ठरतं, क्रमांकावर नाही.

खाजगी कॉलेजांचं जग निराळं. व्हॅसार कॉलेज १९८५ पासून कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात आपल्या आवारात राहायला, शिकायला बोलावतं. मिशिगन विद्यापीठानं डिअरबर्नच्या हेन्री फोर्ड कॉलेजबरोबर मानव्यविद्येसाठी खास पूल बांधला. टीगल फाउंडेशन राज्याराज्यांत छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांशी करार करायला पैसा देतं. या कॉलेजांचं शुल्क पाहून मराठी पालक मागे हटतात, पण गरजेनुसार मिळणारी मदत धरली तर हिशेब कधीकधी सरकारी विद्यापीठापेक्षा सोपा निघतो.

मला सगळ्यात भावलेला प्रयोग ऑस्टिन कम्युनिटी कॉलेजचा. तिथे पहिल्या वर्षात ‘ग्रेट क्वेश्चन्स’ नावाचा चर्चावर्ग घेता येतो. होमर, युक्लिड अशा मूळ ग्रंथांभोवती वर्ग गोल बसतो आणि बोलतो. अभ्यास कसा करावा हे शिकवणाऱ्या नेहमीच्या वर्गाच्या जागी तो धरला जातो, म्हणून त्याची युनिटं वाया जात नाहीत. तीस-चाळीस वयाचे, दिवसभर कामावरून आलेले लोक तिथे ओडिसी वाचतात. नियमांच्या रकान्यात आणि पुस्तकाच्या ओढीत भांडण असायलाच हवं असं नाही, हे तिथे दिसतं.

विद्यापीठात पोचल्यावरचं पहिलं सत्र जड जातं. जॉन हिल्स यांनी १९६५ मध्ये त्याला ‘ट्रान्स्फर शॉक’ म्हटलं. गुण थोडे घसरतात, मग सावरतात. यूसीत आलेल्या कम्युनिटी कॉलेजच्या दहांतले जवळपास नऊ जण चार वर्षांच्या आत पदवी घेतात, तेव्हा त्यांच्या तयारीबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. मानव्यविद्येत हा धक्का निराळ्या रूपात येतो. बरोबरचे विद्यार्थी दोन वर्षांपासून प्राध्यापकांच्या ओळखीचे असतात. तुम्ही आल्या आल्या संशोधनाचा चर्चावर्ग, वीस पानी निबंध, ऑनर्स प्रबंधासाठी मार्गदर्शक, पुढच्या शिक्षणासाठी शिफारसपत्रं, सगळं दीड वर्षात उरकायचं. आणि ज्यांनी तुमचं लेखन खरं पाहिलं ते जुन्या कॉलेजातले शिक्षक बहुधा अर्धवेळ असतात. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्यात, असे महामार्गावरून धावणारे हे शिक्षक कॅलिफोर्नियात ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणून ओळखले जातात. त्यांना स्वतःची खोली नसते, पुढल्या सत्रात ते तिथे असतील याची खात्री नसते. म्हणून आपले दोन-तीन चांगले निबंध आणि प्रत्येक वर्गाचा सिलॅबस जपून ठेवणं शहाणपणाचं. एखाद्या वर्गाबद्दल विभागाशी वाद घालायची वेळ आली तर तोच कागद कामी येतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी एक वेगळी बाब. आईवडील एच-१बीवर असतील तर मुलांचा एच-४ एकविसाव्या वर्षी संपतो. शाळेनंतर थेट कम्युनिटी कॉलेज गाठलेल्या मुलाचं एकविसावं वर्ष नेमकं ट्रान्स्फरच्या आसपास येतं. एफ-१वर जावं लागलं की पूर्णवेळ, म्हणजे सत्राला किमान बारा युनिटं घ्यावी लागतात आणि रहिवाशांचं शुल्क साधारणपणे मिळत नाही. युनिटांच्या तक्त्याशेजारी ही तारीखही लिहून ठेवावी.

इकडे महाराष्ट्रातही २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांक, अधेमधे बाहेर पडून पुन्हा प्रवेश, २०२१ पासूनची ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ हे शब्द कॉलेजांच्या सूचनाफलकांवर आले आहेत. बँकेत श्रेयांक जमा होतील, सात वर्षं टिकतील. पण दुसऱ्या विद्यापीठाचा मराठीचा किंवा इतिहासाचा विभाग ते मुख्य विषयात धरेल की ऐच्छिकात, हे बँक ठरवत नाही. कॅलिफोर्नियाला हे कळायला आणि त्यावर कायदे करायला बराच काळ लागला.

आता भाषा. मानव्यविद्येकडे जाणाऱ्यानं पहिल्याच सत्रात सुरू करावी अशी गोष्ट कुठली, तर भाषा. बाकीचे वर्ग पुढेमागे करता येतात. भाषेच्या पायऱ्या एकीवरून दुसरीवर अशाच चढाव्या लागतात, आणि उशिरा सुरू केली तर शेवटची पायरी विद्यापीठात, तिथल्या दरानं चढावी लागते. मराठी माध्यमात शिकलेल्यांच्या हाती मात्र इथे काहीतरी आहे. आयजीईटीसीच्या नियमांत एक तरतूद होती: इंग्रजी माध्यम नसलेल्या शाळेत सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं समाधानकारक पूर्ण केली असतील तर भाषेची अट पुरी झाली असं धरत. कॅल-गेटसीतून भाषेचा रकानाच गेला, पण यूसीतल्या कॉलेजांच्या आणि विभागांच्या स्वतःच्या भाषा-अटी आहेत, आणि त्या पुऱ्या करण्याचे मार्ग जागोजागी वेगळे आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेचं प्रमाणपत्र त्यात बसतं का, हे त्या त्या ठिकाणी विचारावं लागेल. पण साताऱ्याच्या किंवा नांदेडच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकून मग आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेलेल्या मुलानं सहावी-सातवीच्या गुणपत्रिका आणि माध्यमाचा दाखला शाळेकडून मागवून ठेवावा. विभागानं तो मान्य केला तर दहा ते वीस युनिटं मोकळी होतात, आणि मग सिनेमाचा इतिहासही घेता येतो, जगातले धर्मही.